भुजलीकडे, मस्कतला

मस्कत पहिल्यांदा दिसलं ते विमानाच्या खिडकीतून, आणि मी नसीमला म्हटलं, "अवं, इथी तं झाडच नाई."

गडचिरोलीकडच्या माणसाला उघडी जमीन दिसली की पहिली शंका येते ती लाकूडचोरीची. खाली डोंगरच डोंगर, भाजल्या विटेच्या रंगाचे, अंगावर गवताची काडी नाही. त्यांच्या पायथ्याशी पांढरी घरं आणि मग एकदम समुद्र. नसीम माझ्या अंगावरून वाकून बघत म्हणाली, "फॉरेस्टवाले बी नसतील मंग. मजा आहे लोकायची."

नसीम माझी शाळेपासूनची मैत्रीण. माहेर आम्हा दोघींचंही कुरखेड्याचं. आता चंद्रपुरात तिचं बांगड्यांचं दुकान आहे. हात बघून बांगडीचं माप सांगते तसं तोंड बघून माणूस सांगते, असा तिचा दावा आहे. मी गोंडपिपरीला हायस्कुलात भूगोल शिकवते. ओमानचा नकाशा फळ्यावर किती वेळा काढला असेल, पण मुंबईच्या पलीकडे मी स्वतः कधी पाऊल टाकलं नव्हतं. त्या वर्षी सव्वीस जानेवारी सोमवारी आली, मागे शनिवार-रविवार चिकटून होते, पुढंमागं थोड्या रजा टाकल्या आणि आम्ही दोघी निघालो.

जिच्याकडे निघालो होतो तिचं नाव मी इथं लिहिणार नाही. रुसवाफुगवा काही नाही, रीत आहे. ती माझी भुजली.

आमच्या कुरखेड्याला छत्तीसगडची हद्द जवळ, त्यामुळे तिकडच्या बऱ्याच रीती आमच्याकडे राहायला आल्या आहेत. श्रावणात पोरी टोपलीत गहू पेरतात, अंधाऱ्या खोलीत ठेवतात. राखीच्या दुसऱ्या दिवशी ते पिवळे कोवळे अंकुर (त्यांनाच भुजली म्हणायचं) नदीवर नेऊन शिरवतात, म्हणजे पाण्यात सोडतात. त्यातले चार अंकुर ज्या मैत्रिणीच्या कानावर खोवले आणि तिनं आपल्या कानावर खोवले, ती आपली भुजली झाली. याला म्हणतात भुजली बदणं. त्या दिवसापासून एकमेकींचं नाव घ्यायचं नाही. तिची आई ती आपली फुलमाय. आणि भुजलीनं काही मागितलं तर नाही म्हणायचं नाही. म्हणून शहाण्या बाया भुजलीला काही मागतच नाहीत.

आमची भुजली सती नदीच्या घाटावर बदली गेली. तिच्या घरी बुद्धवंदना. तिचे वडील असल्या रीतींच्या विरुद्ध. पण ते थोडा वेळ विचार करून म्हणाले होते, "यात देव कुठी आहे? दोस्ती तं आहे. जा." मग ती नागपूरला नर्सिंग शिकली, गडचिरोलीला नोकरी केली आणि तिथून मस्कतला गेली. लग्न केलं नाही. का, ते तिनं सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

निघण्याआधी मी फुलमायला भेटायला कुरखेड्याला गेले. म्हातारी मुलाकडे, सुनेकडे सुखात आहे, पण लेक परमुलखात म्हणजे जीव टांगणीला. तिनं माझा हात धरला. "बास झालं तिचं. मी शंभरदा सांगून पाह्यलं, ऐकत नाई ते. तू मागून आण तिले. तू मागशील तं ते नाई म्हणू शकत नाई."

मी हो म्हटलं. म्हातारीसाठी म्हटलं असं सांगितलं तर छान वाटेल, पण खरं म्हणजे मलाच ती परत हवी होती. माझ्या वयाची, माझं सगळं माहीत असलेली एक बाई एसटीनं जाता येईल एवढ्या अंतरावर असावी, एवढंच.

विमानतळावर आमची दोनदा फजिती झाली. एक मोहफुलांची. भुजलीनं फोनवर सांगितलं होतं, मोहाच्या पुऱ्या खायची इच्छा झाली आहे. मी भाबडेपणानं चांगली पिशवीभर वाळलेली मोहफुलं आणली. जिथं दारूचं नाव काढायची चोरी, तिथं मोह घेऊन जाणाऱ्या बाया आमच्याच मुलखात निपजायच्या. सामान तपासणाऱ्या माणसानं पिशवी उघडली, वास घेतला आणि मान मागे केली. माझी पाचावर धारण बसली.

"ये क्या?"

"सूखा फूल है भैया," नसीम शांतपणे म्हणाली. "पीस के आटे में डालते, पूरी बनाते. मीठी लगती." तिनं एक फूल उचलून त्याच्यासमोर तोंडात टाकलं आणि चावत राहिली. तो तिच्याकडे बघत राहिला, मग त्यानं पिशवी बांधून परत दिली.

त्याआधीची फजिती पासपोर्टावर शिक्का मारणाऱ्या साहेबासमोर. कुणाकडे आलात? मैत्रिणीकडे. नाव काय? मी गप्प. त्यानं पुन्हा विचारलं. कागदावर लिहिलेलं होतं, तो कागद पुढं केला असता तरी चाललं असतं, पण ते सुचलं नाही, आणि इतक्या वर्षांत जे जिभेवर आलं नाही ते तिथं कसं येणार. साहेबाच्या चेहऱ्यावर संशय दिसायला लागला, तेव्हा मागच्या रांगेतून नसीमनं ओरडून नाव सांगितलं. बाहेर आल्यावर ती म्हणाली, "बह्याड पोट्टी. आता जेलात बसली असती, तं बी नाव नसतं घेतलं तू."

भुजली दाराशीच उभी होती. डोळ्यांवर काळा चष्मा, हातात गाडीची किल्ली. मी तिच्या गळ्यात पडले आणि रडले, नसीम दोघींच्या गळ्यात पडली, आणि आमच्या मागचे लोक ट्रॉल्या घेऊन खोळंबले. सती नदीच्या डोहात पाय घालायला घाबरणारी ही पोरगी त्या रुंद रस्त्यावर गाडी अशी हाणत होती की मी पुढच्या सीटवर मुठी आवळून बसले.

घरी पोचल्यावर आमच्या अकलेचा आणखी एक दिवा लागला. ओमानात आठवड्याची सुट्टी गुरुवार-शुक्रवार. म्हणजे आमचा लांबलचक शनिवार-रविवार तिच्यासाठी ऐन कामाचे दिवस. "मंग सांगितलं काऊन नाई वं?" मी विचारलं. "सांगितलं असतं तं तुम्ही आल्या नसत्या," ती म्हणाली. तिनं पाळ्या बदलून घेतल्या होत्या, तरी रविवारी तिला कामावर जावं लागणार होतं. भूगोलाच्या मॅडमला हे ठाऊक नव्हतं, हे नसीमनं पुढं सगळ्या चंद्रपूरला सांगितलं.

संध्याकाळी तिच्या चौथ्या मजल्यावरच्या स्वयंपाकघरात आम्ही मोहाच्या पुऱ्या तळल्या. तो वास सगळ्या जिन्यात गेला. शेजारची मल्याळी बाई बघायला आली आणि दोन पुऱ्या घेऊन गेली. आम्ही तिघी जमिनीवर बसून जवसाच्या चटणीशी पुऱ्या खात होतो, शाळेतल्या मास्तरांच्या नकला चालल्या होत्या. अशा वेळी भुजली, जणू मीठ वाढ म्हणावं तशी, म्हणाली, "मले आयर्लंडले बोलावून राह्यले."

तिकडच्या एका दवाखान्यानं तिला निवडलं होतं. भाजलेल्या लेकरांच्या वॉर्डचं मोठं शिक्षण, नोकरीसकट. हो की नाही ते बुधवारपर्यंत कळवायचं होतं. मी तिला मागे न्यायला आले होते आणि ती आणखी पुढं निघाली होती. नसीमनं हळूच मला कोपर मारलं. मी पाणी प्यायले आणि तिकडे पाऊस किती पडतो ते सांगत बसले.

रविवारी भुजली कामावर गेली आणि आम्ही दोघी मत्राह नावाच्या जुन्या बंदराच्या भागात फिरलो. समुद्राला लागून अर्धगोल रस्ता, रस्त्याला लागून बाजार (इथं सूक म्हणतात). वर लाकडी छप्पर, आत अत्तर, लोबान, चांदी, कापड. लोबानाचा धूर प्रत्येक दुकानातून. नसीमनं बांगड्यांच्या एका दुकानात बसकण मारली. दुकानदार म्हातारा, कच्छी हिंदी बोलणारा. कुठून आल्या म्हणाला. चंद्रपूर, म्हटलं. ते कुठं? नागपूरच्या खाली. नागपूर कुठं? तेव्हा मी त्याच्या हिशेबाच्या कागदावर नकाशा काढून दाखवला. त्यानं आम्हाला खावा (वेलदोडा घातलेली, दूध नसलेली कडू कॉफी) पाजला, सोबत खजूर आणि तूप सुटलेला हलवा. कप रिकामा झाला की तो पुन्हा भरायचा. किती पिणार माणूस? शेवटी त्यानंच हसून सांगितलं, नको असेल तर कप हलवून परत द्यायचा. नसीमनं कप असा हलवला की तिच्या हातातल्या बांगड्या वाजल्या. त्यानं तिची बांगडी बघून काच कुठली ते विचारलं. मग दोघांचं धंद्याचं बोलणं सुरू झालं आणि मी दारात उभी राहून बोटी मोजत राहिले.

दुपारी ठरल्याप्रमाणे भुजलीला घ्यायला दवाखान्यात गेलो. तिला थोडा वेळ होता म्हणून एका नर्सनं आम्हाला वॉर्डाच्या काचेबाहेर बसवलं. आत एक लहान मुलगा होता, हात कोपरापर्यंत भाजलेला. भुजली पट्टी बदलत होती. तो रडत होता आणि ती त्याला अरबीत काहीतरी दटावत होती. शब्द कळत नव्हते, पण सूर ओळखीचा होता. गुरं पाण्यावर नेताना ती आम्हाला असंच दटावायची. पोरगा रडता रडता तिला उलट बोलला आणि ती हसली. पट्टी झाल्यावर त्याच्या आईनं, काळ्या बुरख्यातल्या एका तरुण बाईनं, भुजलीच्या खांद्याचं चुंबन घेतलं. इथं मोठ्या माणसांना असा मान देतात म्हणे.

"हा दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाही," आमच्याजवळची नर्स हिंदीत म्हणाली. "सिस्टर आयर्लंडला गेली तर आम्हाला जड जाईल. पण जायला पाहिजे तिनं. इथलं जेवढं शिकायचं तेवढं तिचं शिकून झालं."

परत येताना मी भुजलीला त्या वॉर्डाबद्दल विचारलं आणि ती सुटलीच. कातडी कशी लावतात, लेकरांचं दुखणं कमी कसं करतात, तिकडे काय नवीन निघालंय. एका हातानं गाडी, एका हातानं बोलणं. चौकातला दिवा हिरवा झाला तरी तिला कळलं नाही, मागच्यांनी भोंगे वाजवले. मी तिच्याकडे बघत होते आणि मला कुरखेड्याची ओसरी दिसत होती. तिथं भुजली खाटेवर बसून गावाचं बीपी मोजते आहे, भावाच्या पोरांना भात वाढते आहे. गावाला ती चाललीच असती. तिला गाव किती दिवस चाललं असतं, हे मात्र मला सांगता येईना. त्या विचारानं मला काही आनंद झाला नाही, चिडचिड झाली.

सोमवारी आम्ही निझव्याकडे निघालो. दोन्हीकडे तेच उघडे डोंगर, आणि मग एका वळणानंतर खाली खजुरांची दाट बाग. इतक्या हिरव्या रंगासाठी माझे डोळे दोनच दिवसांत आसुसले होते. बागेतून दगडी पाट वाहतो (याला फलज म्हणतात), डोंगराच्या पोटातून आणलेलं पाणी. एक म्हातारा पाटाच्या तोंडाशी चिंध्यांचा बोळा काढून पाणी आपल्या बागेकडे वळवत होता. डोळ्याच्या उपचाराला मुंबईला जाऊन आलेला, त्यामुळे हिंदी येत होतं.

"सबका टाइम है," त्यानं समजावलं. "अभी मेरा. बाद में उसका."

आमच्याकडेही मालगुजारीच्या वेळचे जुने तलाव आहेत, त्यांच्या पाण्याची अशीच पाळी असते. मी विचारलं, "झगडा होता है?"

"रोज," तो म्हणाला आणि बोळा शेजारच्या तोंडाला लावून निघून गेला.

आम्ही पाटाच्या काठावर बसलो. भुजलीनं सलवार गुडघ्यापर्यंत ओढून पाय पाण्यात सोडले.

"मायनं पाठवलं ना तुले?" ती म्हणाली.

मी हो म्हटलं.

"मंग माग ना. तीन दिवस झाले, वाट पाहून राह्यली मी. होकार बी कळवला नाई म्हणून. तू मागशील, मी घरी येईन. विषय खतम."

मला राग आला, आणि मला राग आला की मी वर्गात असल्यासारखी बोलते. "तुह्यं डोकं कुठी ठेवलं? एवढा वॉर्ड सांभाळते आन् तुले तुह्यं ठरवता येत नाई?"

"नाई येत," ती म्हणाली. "इकडे पाह्यलं की माय दिसते. तिकडे पाह्यलं की ते लेकरं दिसतात. मी थकली वं विचार करून. तू मागितलं तं रीत आहे, कोनी मले बोल लावणार नाई. मी बी नाई लावणार."

म्हणजे ओझं माझ्या डोक्यावर. मागायला एक शब्द पुरे होता. ये, एवढा. तो शब्द म्हटला असता तर ती दिवाळीआधी कुरखेड्यात असती, फुलमाय सुखानं झोपली असती, आणि मला रविवारी बसायला एक घर मिळालं असतं. मला ती हवी होती. हे मी पुन्हा लिहिते, कारण पुढचं वाचून कुणी मला फार मोठ्या मनाची समजू नये. पण काचेच्या पलीकडे तो पोरगा तिला उलट बोलला तेव्हाचं तिचं हसू मी बघून बसले होते. ते हसू कुरखेड्यात असताना तिच्या तोंडावर मी कधी पाहिलं नव्हतं, आणि मी तिला लहानपणापासून बघते आहे.

"मागते," मी म्हटलं.

तिनं पाय पाण्यातून काढले, ओढणी नीट केली आणि माझ्याकडे तोंड करून बसली. घाटावर बसली होती तशीच मांडी घालून.

"आयर्लंडले जा," मी म्हटलं.

नसीमनं पुऱ्यांचा डबा बाजूला सरकवला.

"हे मागणं नाई होत," भुजली म्हणाली. "आपल्याले पाहिजे ते मागतात."

"मले काय पाहिजे ते मी पाहीन. तुले नाई म्हणता येत नाई."

ती माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडली. मीही रडले. मग नसीमनं डबा उघडला आणि म्हणाली, "झालं ना? मंग खा आता. पुऱ्या नरम पडून राह्यल्या." आम्ही खजुरांच्या सावलीत राहिलेल्या पुऱ्या खाल्ल्या. परतीच्या वाटेवर भुजलीनं इतकी गाडी हाणली की मी पुन्हा मुठी आवळल्या, आणि तिघी मिळून शाळेतल्या कविता म्हणत आलो, मधल्या ओळी विसरत.

दुसऱ्या दिवशी सकाळचं विमान होतं. वर गेल्यावर मी खिडकीतून ते उघडे डोंगर पुन्हा बघितले. पहिल्या दिवशी भकास वाटलेले, आता तसे वाटले नाहीत. नकाशावर बोट ठेवून 'हे ओमान' म्हणणं वेगळं आणि तिथल्या पाटात पाय बुडवणं वेगळं, हे आता माझ्या पोरांना सांगता येईल. पण माझं मन काही नकाशात नव्हतं. फुलमायला काय सांगायचं, याचीच जुळवाजुळव मी मुंबईपर्यंत आणि रेल्वेत चंद्रपूरपर्यंत करत होते. नसीमनं हात झटकले. "मांगनेवाली तू, आता निस्तर बी तूच," म्हणाली, आणि वरच्या बाकावर जाऊन घोरायला लागली.

आठवड्याभरानं कुरखेड्याला गेले. फुलमाय अंगणात सुपात लाखोळीची डाळ पाखडत बसली होती. मला एकटीला बघून तिनं रस्त्याकडे पाहिलं, माझ्या मागून कुणी येतंय का म्हणून. एवढ्यात येणार नव्हतीच, तरी पाहिलं.

"मागितलं?"

"मागितलं, फुलमाय."

"दिलं तिनं?"

"दिलं. पण मी ये नाई म्हटलं. जा म्हटलं." आणि मी सगळं सांगितलं. वॉर्ड, पोरगा, त्याची आई, पाट. सूप चालू होतं. माझं सांगून झालं तेव्हा ते थांबलं.

"तुले काय सांगून धाडलं होतं मी?"

"तिले मागून आण म्हणून."

म्हातारीच्या डोळ्यांत पाणी आलं आणि तिनं ते पुसलं नाही. आता ती मला चार शब्द सुनावणार म्हणून मी मान खाली घालून बसले. सून चहा ठेवून गेली. चहावर साय धरली तरी दोघींपैकी कुणी हात लावला नाही.

"मले माहीत होतं ते दूर जाईल तं खुश राहील," फुलमाय म्हणाली. "पण माह्या तोंडातून निघत नव्हतं. मायच्या तोंडात 'ये' असते, 'जा' नसते. म्हणून तं पोरीले भुजली बदून द्या लागते."

मग तिनं चहाचा कप माझ्या हातात दिला, सूप पुन्हा उचललं, आणि आयर्लंडात भात मिळते का, ते विचारलं.